बिलावर पत्त्याचा प्रकार छापा

या आठवड्यात जळगावात वीज जाऊन आली, राउटरने नवा आयपी पत्ता घेतला आणि घरचा कॅमेरा बाहेरून दिसेनासा झाला. बदलता पत्ता नावाशी जोडून ठेवणारी डायनॅमिक डीएनएसची सोय मी कधीच लावली आहे, हे या स्तंभाच्या वाचकांना ठाऊक आहे. या वेळी नाव ठीक होतं, नावामागचा पत्ताही ताजा होता, तरी आत शिरता येईना. राउटरच्या वॅन पानावर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसला तेव्हा उलगडा झाला. इंटरनेट कंपनीने मला न सांगता सामायिक पत्त्यावर टाकलं होतं. ग्राहक सेवेतला मुलगा म्हणाला, "सर, राउटर बंद करून चालू करा." मग म्हणाला, वेगळे पैसे भरा आणि स्टॅटिक आयपी घ्या.

पत्त्यांची टंचाई खरी आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते जेमतेम ४२९ कोटी. जगाचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि त्याच एप्रिलात आशियाचा वाटाही शेवटच्या गटावर आला. २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला गेला. बाहेर एकच सार्वजनिक पत्ता, त्यावर ६५,५३६ पोर्ट, आणि तेच अनेक घरांना वाटून द्यायचे.

वाटून घेण्याला खान्देशी माणसाने नाक मुरडू नये. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली ती वाटून घेण्यावरच. नदीवर बंधारा, त्यातून कालवा आणि कालव्याखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे एकाच फडात नसते, थोडी थोडी प्रत्येक फडात असते. पाणी कमी असलं की एखादा फडच कोरडा ठेवतात, त्यामुळे झळ सगळ्यांना लागते. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, सगळ्यांवर हवालदार. शेवटच्या वाफ्यातल्या माणसालाही आपलं पाणी कधी येणार हे माहीत असतं आणि आलं नाही तर कुणाला गाठायचं हेही.

सामायिक पत्त्यात यातलं काय आहे? माझ्या वाट्याला किती पोर्ट, वाटा कुणी ठरवला, कधी बदलला, याचा कागद नाही. झळही सारखी नाही, कारण पैसे भरणाऱ्याचा फड कायम भिजतो. आणि पाटकरी कोण, हे तर कुणालाच ठाऊक नाही. टंचाई दोन्हीकडे आहे, पण फडात ती सगळ्यांसमोर वाटली जाते. माझा संशय असा की स्टॅटिक आयपीची विक्री चालू राहावी म्हणूनच ही वाटणी झाकून ठेवतात. पुरावा माझ्यापाशी नाही, संशय मात्र जात नाही.

तोवर करायचं काय? सामायिक पत्ता असेल तर डायनॅमिक डीएनएसवर वेळ घालवू नका, पोर्ट फॉरवर्डिंगही कंपनीच्या यंत्रापाशीच अडतं. घरातूनच बाहेर जाणारा बोगदा काढा. वायरगार्ड या प्रोग्रामने एखाद्या भाड्याच्या सर्व्हरशी जोडून घ्या आणि दर २५ सेकंदांनी एक खूण जात राहील असं ठेवा, म्हणजे वाट मिटत नाही. पत्ता सार्वजनिक असला तरीही मी हाच मार्ग सांगतो, कारण उघडं पोर्ट धोक्याचं. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी मिराई या घातक प्रोग्रामने ताब्यात घेतलेले कॅमेरे आणि डीव्हीआर वापरून डिन या कंपनीवर हल्ला झाला, ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. बदलत्या पत्त्यांना नाव देण्याची सोय लोकप्रिय केली ती याच कंपनीने. रावेर-यावलच्या केळीच्या गोदामांत डीव्हीआर बसवणाऱ्यांनो, मूळ पासवर्ड तसाच ठेवून पोर्ट उघडणं आता तरी थांबवा.

खरा उपाय आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत. तिथे टंचाई नाही, घराला पत्त्यांचा अख्खा गट मिळतो. ३१ डिसेंबर २०२२ नंतरच्या नव्या तारेच्या जोडण्या त्यासाठी सक्षम असाव्यात, असं दूरसंचार विभागाने २०२१ मध्येच बजावलं होतं. अडचण इथेही आहे. १२८ बिटांच्या पत्त्यातला पुढचा भाग कंपनी देते आणि तो बदलत राहतो. फायरवॉलमध्ये पूर्ण पत्ता लिहिलात तर दुसऱ्या दिवशी नियम निकामी. म्हणून नियम मागच्या ६४ बिटांवर लिहा, राउटरवरच्या ओपनडब्ल्यूआरटी प्रणालीत ते जमतं. त्यासाठी उपकरणाच्या पत्त्याचा तो भाग कायम राहील अशी मांडणी आधी करून घ्या. बाकी सगळी आवक बंदच ठेवा.

कंपन्यांकडे माझी मागणी जुनीच आहे. पत्ता सार्वजनिक की सामायिक, कायम की बदलता, आयपीव्ही६ चा गट केवढा, या तीन ओळी दर महिन्याच्या बिलावर छापा आणि बदल करण्याआधी कळवा. वाचकहो, आपापल्या राउटरचं वॅन पान उघडा आणि पत्त्याचे पहिले दोन आकडे तालुक्याच्या नावासह मला कळवा. जळगाव आणि धुळ्याची यादी पुढच्या आठवड्यात इथेच मांडेन.