बेटावरचं बिऱ्हाड

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं आपल्याकडे म्हणतात. आम्ही दोन्ही करून मोकळे झालो आहोत. तरीही निवृत्ती जवळ आली तसं एक नवीनच खूळ डोक्यात शिरलं. चहूबाजूंनी पाणी, मधे एक लहानसं बेट, बेटावर एकच खोली आणि खिडकीशी टेबल. दारावरची घंटी नाही, सोसायटीची मीटिंग नाही, वरच्या मजल्यावरच्या बाईंचा मिक्सर नाही. एका रविवारी चहा पिता पिता किराणाच्या वहीच्या मागच्या पानावर मी त्या खोलीचा नकाशा काढला आणि सौ.च्या पुढ्यात सरकवला.

तिने चष्मा लावून तो नीट पाहिला. मग विचारलं, "दूध कोण आणणार?"

मी गप्प.

"होडी बंद पडली तर? रात्री तुमच्या छातीत दुखलं तर? आणि यात संडास कुठे आहे?"

नकाशात संडास नव्हता हे खरं. पुरुषांच्या स्वप्नातल्या घरांत तो सहसा नसतोच.

वाचकहो, सौ.च्या या चार प्रश्नांनी मी हिरमुसलो, पण हटलो नाही. कारण असे प्रश्न पिढ्यान्पिढ्या सोडवत आलेला एक अख्खा देश जगाच्या पाठीवर आहे. तो म्हणजे फिनलंड. लोकसंख्या जेमतेम छप्पन्न लाख. तळी आणि सरोवरं मात्र, लहानमोठी मिळून, 1 लाख 88 हजारांच्या आसपास. आणि उन्हाळ्यात राहायच्या झोपड्या सुमारे पाच लाख! म्हणजे दहा-अकरा माणसांमागे एक. या झोपडीला ते 'मॉक्की' म्हणतात. ही काही फक्त श्रीमंतांची चैन नव्हे. शिक्षक, कारकून, बसचालक अशांच्याही झोपड्या असतात. बऱ्याचशा आजोबांकडून वडलांकडे आणि वडलांकडून मुलांकडे आलेल्या. आपल्याकडे 'आमचं कोकणात घर आहे' म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. फक्त यातल्या कित्येक झोपड्या बेटांवर आहेत.

आता बेटावर घर बांधायचं तर पहिली अडचण सामानाची. लाकूड, दारं-खिडक्या, शेगडीच्या विटा हे सगळं छोट्या होडीतून न्यायचं म्हटलं तर शंभर खेपा होतील. इथे फिनलंडचा हिवाळा मदतीला येतो. सरोवर गोठतं आणि जिथे काल पाणी होतं तिथे आज रस्ता होतो. पूर्वी घोड्याच्या घसरगाडीवरून ओंडके बर्फावरून बेटावर न्यायचे. आता बर्फावर चालणाऱ्या मोटारी आहेत. म्हणून जाणता माणूस बांधकाम उन्हाळ्यात सुरू करतो, पण सामान आदल्या हिवाळ्यातच नेऊन ठेवतो. एकट्या माणसाला चालायला पाचेक सेंटिमीटर जाडीचा टणक बर्फ लागतो. मोटार न्यायची तर त्याच्या चौपट तरी हवा, आणि तोही सगळीकडे सारखा जाड असेल याची खात्री नाही. दोन बेटांमधल्या अरुंद खाडीत खालून प्रवाह वाहत असतो, तिथे बर्फ फसवतो.

गंमत पुढेच आहे. वर्षात दोन वेळा असे दिवस येतात की बर्फ चालण्याइतका टणक नसतो आणि होडी घालण्याइतकं मोकळं पाणीही नसतं. या अधल्यामधल्या दिवसांना फिनिश भाषेत 'केलिरिक्को' असा खास शब्द आहे. तेव्हा बेटावरच्याने बेटावर आणि काठावरच्याने काठावर राहायचं. दुधाचं उत्तर इथेच मिळून जातं. दूध नाही! राईची टणक भाकरी, खारवलेले मासे, तळघरातले बटाटे.

दुसरं म्हणजे, तिथे जुन्या पद्धतीत आधी घर बांधत नाहीत, आधी 'साउना' बांधतात. साउना म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची न्हाणीघराची खोली. ती लहान असते, लवकर उभी राहते आणि शेगडीमुळे उबदार असते. मग त्याच खोलीत बिऱ्हाड टाकायचं आणि सावकाश घर बांधायचं. मला ही कल्पना फार आवडली. आपण आधी हॉल बांधतो आणि न्हाणीघर उरलेल्या कोपऱ्यात कोंबतो.

पायासाठी खोदकाम जवळजवळ नाहीच, कारण बेट म्हणजे बहुधा उघडा कातळ. कोपऱ्यांखाली दगड ठेवून त्यावर ओंडक्यांची चौकट चढवायची. ओंडक्यांच्या फटीत पूर्वी शेवाळ भरत. मात्र एक खुबी आहे. ओंडक्यांची भिंत वाळत जाते तशी खाली बसते, मीटरभर उंचीमागे काही सेंटिमीटर. म्हणून खिडकीच्या वर मुद्दाम फट सोडतात. नवशिक्याने ती सोडली नाही तर दोन वर्षांनी अख्ख्या भिंतीचं ओझं चौकटीवर येतं आणि खिडकी उघडेनाशी होते.

आणि हो, संडास. तो घरात नसतोच. घरापासून दूर, पाण्यापासून त्याहून दूर, झाडीत एक लाकडी खोपटं. पाणी वापरायचं नाही, लाकडाचा भुसा टाकायचा. आंघोळीचं साबणपाणीसुद्धा सरोवरात सोडायचं नाही, लांब जमिनीत जिरवायचं. बेट तुमच्या मालकीचं असलं तरी पाणी सगळ्यांचं आहे. काठालगत घर बांधायलाही तिथे मंजूर आराखडा तरी लागतो, नाहीतर खास परवानगी. 'माझी जमीन, माझी मर्जी' चालत नाही.

बेटावर घर बांधणाऱ्यांत मोठमोठी माणसंही आहेत. आल्वार आल्तो हे फिनलंडचे जगप्रसिद्ध वास्तुशिल्पी. पाइयाने हे त्या देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं सरोवर. त्यातल्या सायनात्सालो बेटावर त्यांनी नगरभवन बांधायला घेतलं होतं. त्यांच्या पत्नी आणि व्यवसायातल्या भागीदार आइनो 1949 साली वारल्या होत्या. 1952 साली त्यांनी एलिसा या तरुण वास्तुशिल्पी बाईंशी लग्न केलं आणि शेजारच्या मूरात्सालो बेटावर दोघांनी उन्हाळ्यासाठी घर बांधलं. तेव्हा तिथे होडीनेच जावं लागे. घराच्या अंगणाच्या भिंती म्हणजे प्रयोगाची पाटीच आहे. सुमारे पन्नास चौकोन आणि प्रत्येकात वेगळी वीट, वेगळी रचना. थंडीत कुठली टिकते, कुठली फुटते, शेवाळ कुठे धरतं, हे साहेब बसून पाहायचे. दुसऱ्याच्या पैशाने प्रयोग करणारे पुष्कळ असतात. यांनी ते स्वतःच्या अंगणात केले, म्हणून कौतुक.

होडीचा आराखडाही त्यांनी स्वतःच केला. तिचं लॅटिन नाव ठेवलं, त्याचा अर्थ 'आपल्या देशात कुणी प्रेषित ठरत नाही'. इमारतींत हात धरू न देणाऱ्या या माणसाची होडी मात्र पाण्यात फारशी समाधानकारक ठरली नाही. ती आता त्या घराजवळ जपून ठेवली आहे. सौ.ला मी हे वाचून दाखवलं तेव्हा ती मनापासून हसली. बाकी नगरभवनाबद्दल तिने काही विचारलं नाही.

पण तिच्या चार प्रश्नांपैकी तिसरा तसाच राहिला होता. रात्री छातीत दुखलं तर? त्याला हिवाळा, साउना, भुसा, कशातच उत्तर सापडेना. त्याच्या जवळ जाणारं जे सापडलं ते सरोवरातल्या नव्हे, समुद्रातल्या बेटावर.

टूवे यान्सन हे नाव बालवाङ्मय वाचणाऱ्यांना ठाऊक असेल. 'मूमिन' नावाच्या गोलमटोल, भल्या प्राण्यांच्या गोष्टी लिहिणाऱ्या आणि त्यांची चित्रं काढणाऱ्या फिनलंडच्या लेखिका. जन्म 1914 चा. गोष्टींनी अमाप प्रसिद्धी दिली आणि प्रसिद्धीने माणसांचा राबता. आधीच्या बेटावर पाहुण्यांची इतकी वर्दळ झाली की बाईंनी त्याहून दूरचं, समुद्राच्या तोंडावरचं एक उघडं खडकाळ बेट निवडलं. नाव क्लोव्हहारून. झाडं जवळजवळ नाहीत, पक्षी पुष्कळ. 1964 साली, पन्नासाव्या वर्षी, त्यांनी तिथे घर बांधायला काढलं. सोबतीला आयुष्याची जोडीदारीण, चित्रकार तूलिक्की पिएतिला, आणि हाताशी त्या भागातला एक कसबी कोळी.

परवानगीचं घोडं अडलेलंच होतं. पण त्या कोळ्याने सांगितलं की एकदा छपराचे वासे चढले की कायद्याने घर पाडता येत नाही. झालं! शरद ऋतूतली वादळं सुरू व्हायच्या आत वासे चढवायची घाई. सुरुंग लावून एक भलामोठा खडक फोडला, त्या जागी तळघर केलं. वर एकच खोली आणि चार दिशांना चार खिडक्या, म्हणजे वादळ कुठूनही येवो, आधी दिसावं. वीज नाही, नळ नाही. पाहुणे आले की खोली त्यांना देऊन या दोघी तंबूत झोपायच्या. ऐंशी ओलांडलेली आईसुद्धा तिथे येऊन राहिली. त्या आईवरूनच बेतलेली आजी पुढे 1972 सालच्या 'उन्हाळ्याचं पुस्तक' या कादंबरीत आली.

पंचवीसहून अधिक उन्हाळे त्या दोघींनी तिथे काढले. जाळी टाकली, लाकडं फोडली, वाहून आलेले ओंडके ओढले. मग 1990 नंतरच्या एका उन्हाळ्यात वयाची पंचाहत्तरी उलटलेल्या टूवेबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला जाळी ओढायला जावंसं वाटत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला समुद्राची भीती वाटू लागली आहे. जन्मभर ज्याच्या काठाशी राहिलो त्याची भीती वाटावी, हे त्यांना फितुरीसारखं वाटलं.

त्यांनी कुणी धावून यायची वाट पाहिली नाही, रात्रीच्या कळेचीही नाही. घर आवरलं आणि तिथल्याच स्थानिक मंडळाला देऊन टाकलं. 1996 साली दोघींनी मिळून त्या बेटाच्या आठवणींचं पुस्तक केलं. लेखन एकीचं, चित्रं दुसरीची. तूलिक्कीबाईंनी हातातल्या छोट्या कॅमेऱ्याने वर्षानुवर्षं टिपलेल्या दृश्यांचा 1998 साली माहितीपटही झाला. टूवेबाई 2001 साली गेल्या, तूलिक्कीबाई 2009 साली.

हे सगळं मी सौ.ला एका दमात सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत, पण ऐकत होती हे मला कळलं. जेवणं झाल्यावर तिने किराणाची वही मागून घेतली, मागचं पान उघडलं आणि पेन्सिलीने माझ्या नकाशात संडास काढला. घरापासून लांब, पाण्यापासून त्याहून लांब. मग खिडकीशी दुसरी खुर्ची काढली. बराच वेळ ते पान न्याहाळून म्हणाली, "ते मंडळ वगैरे ठीक आहे. आपल्या पश्चात किल्ली कुणाकडे द्यायची, ते आधी ठरवा."

दोन्ही मुलांना पत्रं टाकली आहेत. धाकट्याचं उत्तर आलं. त्याला पोहता येत नाही.