प्रमाणपत्रातील एक आकडा

पोलादाच्या पेढीवर एक तक्रार अधूनमधून येते. गजाच्या चाचणी-प्रमाणपत्रावर ‘लांबीतील वाढ 25 टक्के’ असे लिहिलेले असते. माल अस्सल असतो, आकडाही खरा असतो. तरी यंत्रात बसविलेला तोच गज आट्याच्या खाचेपाशी फारसा न ताणता तुटतो. ग्राहकाला फसवणुकीचा संशय येतो, विक्रेता प्रमाणपत्र पुढे करतो, आणि पुष्कळदा दोघेही प्रामाणिक असतात.

तो आकडा गुळगुळीत गज सरळ ओढून काढलेला असतो. असा गज आधी सर्वत्र सारखा लांबतो, मग एका जागी बारीक होतो. त्याला जणू मान पडते. पुढचे सारे आत घडते. पोलादात मँगनीज सल्फाइडसारखे सूक्ष्म कण अडकलेले असतात. मानेच्या गाभ्यातील धातू लांबीच्या दिशेने ओढला जातोच, शिवाय आडव्या दिशांनीही ओढला जातो. या चहूबाजूंच्या ताणाने कणांभोवती पोकळ्या उघडतात, फुगतात आणि एकमेकींना मिळतात. भेग गाभ्यातून बाहेर सरकते. शेवटची कड मात्र सुमारे 45 अंशांत तिरकी सुटते. म्हणून एका तुकड्याला पेल्याचा आणि दुसऱ्याला शंकूचा आकार येतो. असे कण जवळजवळ नसलेले अतिशुद्ध सोने टोकापर्यंत निमुळते होत जाते, ही गोष्ट सराफांना नवी वाटणार नाही.

खाच म्हणजे आधीच घडवून ठेवलेली मान. तिथे चहूबाजूंचा ताण प्रारंभापासूनच असतो. गंमत अशी की उरलेल्या जाडीच्या मानाने तेथील धातू भार अधिक पेलतो, परंतु ताणला कमी जातो.

हार्वर्ड विद्यापीठातील पर्सी ब्रिजमन (1946 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक) यांनी याच्या उलट केले. प्रचंड दाबाच्या द्रवात ठेवून त्यांनी पोलादी गज ओढले. दाबाने पोकळ्या उघडू दिल्या नाहीत आणि तेच पोलाद कितीतरी अधिक ताणले गेले.

यावरून हिशेब सोपा वाटतो: दाब हितकर, ताण घातक. पिळाच्या बाबतीत तो चुकतो. पीळ बसताना पोकळ्या फारशा फुगत नाहीत. त्या चपट्या होऊन कलतात आणि घसरणीच्या पट्ट्यात जुळतात. 2004 मध्ये बाओ आणि वियेरझ्बिकी यांनी अॅल्युमिनियमच्या 2024 या मिश्रधातूवरील प्रयोगांतून दाखविले की, तो साध्या ओढीपेक्षा अशा घसरणीत कमी विरूपणालाच तुटतो. फिरत्या दांड्यासाठी माल घेणाऱ्याचे समाधान लांबीच्या टक्केवारीने होऊ नये, ते यासाठीच.

तारेच्या व्यवहारात धोका आणखी छुपा असतो. साच्याचा कोन रुंद आणि दर खेपेची घट अल्प असेल, तर ओढताना तारेच्या गाभ्यात ताण साचतो. तेथे बाणाच्या टोकासारख्या भेगा एकामागे एक पडत जातात. बाहेरून तार चकचकीत दिसते. उभी कापल्यावर किंवा ध्वनिलहरींनी तपासल्यावरच त्या सापडतात.