डिझेल विमान आणि इतिहासाचा चुकीचा दाखला

लहान विमानांना डिझेल इंजिन बसवणे हा पुन्हापुन्हा फसलेला हट्ट आहे, असे मत विमानविद्येचा अभ्यासक म्हणवणाऱ्या एका प्रतिपक्षाने अलीकडे मोठ्या ठामपणे मांडले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, डिझेल हे ट्रॅक्टरचे आणि मालमोटारीचे यंत्र आहे. ते जड आहे, महाग आहे आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या भरवशावर चालते. ते १९३० च्या दशकात एकदा आपटले आणि २००८ मध्ये पुन्हा आपटले. शिवाय शिसेविरहित पेट्रोल दाराशी आलेले असल्याने आता त्याची गरजही उरलेली नाही. यांपैकी वजनाचा मुद्दा खरा आहे आणि किमतीचा अर्धा खरा आहे. परंतु ज्याच्यावर सगळी भिस्त ठेवलेली आहे तो इतिहासाचा मुद्दा मुळातच चुकीचा असल्याने त्याची झडती घेणे भाग आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. ‘डिझेल विमान’ म्हणजे पेट्रोलपंपावरचे डिझेल भरून उडणारे विमान, असा समज वाचकाच्या मनात राहू देणे प्रतिपक्षाला सोयीचे असले तरी वस्तुस्थिती तशी नाही. येथे डिझेल हे इंजिनाच्या कार्यपद्धतीचे नाव आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण साधारण साडेआठपट दाबून मॅग्नेटोच्या ठिणगीने पेटवतात, तर डिझेल इंजिनात नुसती हवा सोळा ते अठरापट दाबली जाते आणि त्या दाबाने तापलेल्या हवेत फवारलेले इंधन आपोआप पेटते. आजची अशी बहुतेक इंजिने जेट ए-१ वर, म्हणजे प्रवासी विमानांत भरल्या जाणाऱ्या केरोसीन जातीच्या इंधनावर चालतात. आपल्याकडे त्यालाच एटीएफ म्हणतात.

आता इतिहास. डिझेल इंजिनाच्या जोरावर पहिले विमान अमेरिकेत सप्टेंबर १९२८ मध्ये उडाले. ते स्टिन्सन डेट्रॉइटर होते, आणि त्याला पॅकार्ड कंपनीचे नऊ सिलिंडरांचे, २२५ अश्वशक्तीचे इंजिन बसवलेले होते. मे १९३१ मध्ये याच जातीच्या इंजिनावर एका बेलांका विमानाने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, वाटेत इंधन न भरता, साडेचौऱ्याऐंशी तास हवेत राहण्याचा विक्रम केला, आणि तो पुढे पंचावन्न वर्षे कोणाला मोडता आला नाही. ‘आपटलेल्या’ यंत्राची ही कामगिरी प्रतिपक्षाच्या लेखात एका शब्दानेही येत नाही. त्या इंजिनात दोष होते हे मान्यच आहे: प्रत्येक सिलिंडरला एकच झडप असून तिच्यातूनच हवा आत येई आणि जळका वायू बाहेर जाई, त्यामुळे धूर, काजळी आणि वास यांनी प्रवासी हैराण होत, यंत्राची थरथरही फार असे. पण हे एका रचनेचे दोष झाले, डिझेल या तत्त्वाचे नव्हेत. त्या इंजिनाचा प्रमुख अभियंता लायोनेल वूलसन १९३० मध्ये हिमवादळात सापडलेल्या विमानाच्या अपघातात दगावला, त्याच सुमारास जागतिक मंदी आली आणि पुढे उत्पादन बंद पडले. कर्ता माणूस आणि बाजार एकदमच गेल्यावर कोणते नवे यंत्र तगले असते? त्याच दशकात जर्मनीत युंकर्सचे युमो २०५ हे समोरासमोर सरकणाऱ्या दट्ट्यांचे डिझेल इंजिन दक्षिण अटलांटिकवर टपाल नेणाऱ्या उडत्या नौकांना वाहून नेत होते. लढाऊ कामात शक्ती झटपट कमीजास्त करण्याची वेळ आली तेव्हा ते उणे पडले. संथ, एका गतीच्या लांब प्रवासात मात्र ते पुरून उरले.

मग पेट्रोल जिंकले कसे, हा खरा प्रश्न आहे, आणि प्रतिपक्षाने तो स्वतःला विचारलेलाच नाही. पेट्रोल इंजिनात दाब वाढवला की मिश्रण वेळेआधी भडकून दट्ट्यावर ठोके बसतात. पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग मिसळले की ही खोड आटोक्यात राहते, हे १९२१ मध्ये सापडले; त्यातून शंभर ऑक्टेनचे इंधन हाती आले आणि पेट्रोल इंजिनाची ताकद झपाट्याने वाढली. पुढे मोठी विमाने टर्बाइनकडे गेली आणि लहान विमाने १९५० च्या दशकात आकाराला आलेल्या इंजिनांवरच थांबली. म्हणजे डिझेलवर मात केली ती शिशाने. आजही लहान विमानांच्या निळ्या पेट्रोलमध्ये, ज्याला अ‍ॅव्हगॅस म्हणतात, लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे चालते. या विजयाचे मोल मेकॅनिकच्या टेबलावर दिसते. प्रशिक्षणाच्या विमानाचे खालच्या बाजूचे स्पार्क प्लग उघडले की त्यांत शिशाचे करडे मणी अडकलेले आढळतात आणि ते टोचणीने एकेक करून उकरावे लागतात. ते तसेच राहिले तर उड्डाणापूर्वीच्या मॅग्नेटो-तपासणीत इंजिन अडखळते, फेरे नको तितके घसरतात आणि विद्यार्थ्याला विमान वळवून परत आणावे लागते. हेच शिसे हवेतून माणसाच्या रक्तात जाते. विमानांतून बाहेर पडणारे शिसे आरोग्याला घातक असल्याचा अधिकृत निष्कर्ष अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला, आणि युरोपीय संघात मे २०२५ पासून हे संयुग खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. ज्या आधारावर १९३० च्या दशकाचा निकाल लागला तोच आधार काढून घेतला जात असताना तो निकाल आज पुढे करणे ही इतिहासाची फसवणूक आहे.

एकदा फसले म्हणजे कायमचे फसले, हा युक्तिवाद या क्षेत्राला नवा नाही. नाकाखाली चाक असलेली विमाने आली तेव्हा, शेपटीच्या चाकावर शिकल्याशिवाय वैमानिक घडतच नाही, असे सांगितले गेले. कॉकपिटमध्ये पडदे आले तेव्हा काट्यांच्या तबकड्यांसाठी तीच तक्रार झाली. दोन्ही वेळी तक्रारीत थोडे तथ्य होते, आणि दोन्ही वेळी विमाने पुढे गेली.

२००८ चा दाखला तर १९३० च्या दशकाच्या दाखल्याहून कच्चा आहे. त्या वर्षी दिवाळखोरीत निघाली ती मोटारीच्या इंजिनावरून विमानाचे इंजिन घडवणारी जर्मन कंपनी. विमानमालकांना त्याचा जबर फटका बसला आणि त्यांचा संताप रास्तच होता. पण इंजिन मेले नाही. ते २०१३ मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेले आणि आजही बनते आहे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाबाबत २००७ मधील जर्मनीतल्या श्पायरची दुर्घटना नेहमी सांगितली जाते: बॅटरी उतरलेले दुइंजिनी विमान बाहेरच्या विजेवर सुरू केले गेले, उड्डाणानंतर चाके आत घेताना विजेचा दाब पडला आणि दोन्ही इंजिने एकदम थांबली. हा दोष गंभीर होता. त्यानंतर इंजिनांच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांना स्वतंत्र राखीव बॅटरी देण्यात आली.

वजनाचे म्हणणे मान्य. सारख्या ताकदीच्या पेट्रोल इंजिनापेक्षा १६८ अश्वशक्तीचे ऑस्ट्रियन डिझेल इंजिन सुमारे पन्नास किलोंनी जड भरते, आणि तासाला पाच-सात किलो इंधन वाचले तरी दीड तासाच्या सरावात ती तूट भरून निघत नाही. किमतीचे म्हणणे अर्धे मान्य, कारण यांतील काही इंजिने ठरावीक तासांनंतर उघडून दुरुस्त करता येत नाहीत, पूर्ण बदलावी लागतात. मात्र दर तासाच्या इंधनातली बचत हिशेबात धरलीच पाहिजे. शिसेविरहित पेट्रोल येईल तेव्हा त्याचे स्वागत होईल; पण अमेरिकेने स्वतःला २०३० अखेरची मुदत दिलेली आहे, आणि तोवर विद्यार्थ्यांनी थांबायचे काय?

डिझेलची खरी बाजू भारतासारख्या देशात, आणि तीही प्रशिक्षणात, उजळ दिसते. अ‍ॅव्हगॅस देशात बनायला २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात सुरुवात झाली, तोवर ते परदेशातूनच येई. एटीएफ मात्र प्रवासी विमाने उतरणाऱ्या बहुतेक ठिकाणी असते. सरावाच्या विमानात दोनच माणसे बसतात, त्यामुळे वजनाची अडचणही तेथे कमी भासते. पेट्रोल इंजिनात शक्ती, पंखा आणि मिश्रण यांचे तीन दांडे सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला येथे एकच दांडा पुरतो, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तापलेले इंजिन पुन्हा सुरू करताना नळीत पेट्रोलची वाफ अडकण्याचा छळही संपतो. अमरावतीजवळच्या बेलोरा येथील प्रशिक्षणसंस्थेसाठी डिसेंबर २०२४ मध्ये ३४ विमानांची मागणी जाहीर झाली, तीही जेट ए-१ वर चालणाऱ्या इंजिनांचीच. जुन्या पेट्रोल विमानाचे इंजिन काढून डिझेल बसवण्याचा खटाटोप मात्र क्वचितच परवडतो, कारण त्यात इंजिनाबरोबर पंखा, शीतकरणाची व्यवस्था आणि विजेची मांडणी सगळेच बदलावे लागते. ती विमाने त्यांचे आयुष्य संपेपर्यंत पेट्रोलवरच चालावीत. नव्या खरेदीच्या निविदेत मात्र डिझेलला पहिले स्थान मिळाले पाहिजे, आणि ही इंजिने उघडून जाणणारे मेकॅनिक विमाने येण्याआधी तयार झाले पाहिजेत.