‘हिटलरची मगर’ नावाची सोयीस्कर थाप

१/ गेल्या काही दिवसांत एक जुने छायाचित्र पुन्हा फिरू लागले आहे. हिरवट पाण्यात पडलेला एक वृद्ध प्राणी आणि खाली ओळ : ‘हिटलरची पाळीव मगर मॉस्कोत ८४ वर्षे जगली.’ इतिहासाची आवड असणाऱ्या अनेक मित्रांनी ते पुढे पाठवले आहे. या एका ओळीत तीन चुका आहेत. दोन किरकोळ आहेत, तिसरी मात्र घातक आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/ पहिली चूक वर्षांची. हा प्राणी मॉस्कोत ८४ नव्हे, सुमारे ७४ वर्षे राहिला. ८४ हे त्याचे एकूण वय. दुसरी चूक प्राण्याची. तो मगर नव्हे, अमेरिकन ॲलिगेटर. नाव सॅटर्न. जन्म १९३६ च्या सुमारास अमेरिकेतील मिसिसिपीचा. लहानपणीच तो बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात आला. मृत्यू मॉस्को येथे, २२ मे २०२०. जातीचा हा फरक क्षुल्लक वाटेल, पण पुढे तोच निर्णायक ठरणार आहे.

३/ तिसरी चूक मालकीची. सॅटर्न हिटलरचा होता याला कोणताही पुरावा नाही. तिकीट काढणाऱ्या कोणालाही बघता येईल अशा सार्वजनिक मत्स्यालयातला तो प्राणी. मॉस्कोत पोहोचताच त्याच्यामागे ही अफवा लागली आणि मरेपर्यंत चिकटून राहिली. आपल्याकडे जसा प्रत्येक जुन्या वाड्यात कोणी ना कोणी महाराज मुक्कामाला येऊन गेलेले असतात, तसाच हा प्रकार.

४/ मग यात घातक काय? माझा आक्षेप असा : ‘हिटलरची मगर’ म्हटले की युद्धकाळातील प्राणिसंग्रहालयाचा सगळा इतिहास एका खलनायकाच्या दिवाणखान्यात जाऊन बसतो. निर्णय घेणारे अधिकारी, संचालक मंडळ, कोळसा, रखवालदार, भागधारक सगळे अदृश्य होतात. खरे प्रश्न विचारायचे तर सुरुवात उबेपासून करावी लागेल.

५/ सरपटणारे प्राणी शरीराची उष्णता स्वतः निर्माण करून टिकवू शकत नाहीत. ती बाहेरून घ्यावी लागते. ऊब नसेल तर त्यांना अन्नही पचत नाही. उत्तर युरोपातील हिवाळ्यात अशा प्राण्यांचे दालन चालवायचे म्हणजे अखंड कोळसा किंवा वीज हवी. सिंहाला थंडीत आडोसा आणि मांस पुरते. अजगराला बॉयलर लागतो.

६/ वंश वाढवायचा असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. ॲलिगेटरच्या पिलाचे लिंग गुणसूत्रे ठरवत नाहीत, अंड्याचे तापमान ठरवते. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उबलेल्या अंड्यांतून माद्या निघतात, ३३ अंशांच्या आसपास बहुतेक नर. हे कोडे शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात उलगडले. म्हणजे युद्धातील वीजकपात केवळ आजच्या प्राण्याला गारठवत नाही. पुढची पिढी नर की मादी, किंबहुना ती जन्मणार की नाही, हेही ठरवते.

७/ आता लंडन. तेथील रेप्टाइल हाऊस १९२७ मध्ये उघडले. रचना जोन प्रॉक्टर यांची. प्राण्याप्राण्याच्या गरजेनुसार ऊब आणि प्रकाश देण्याची विजेची सोय त्यात होती. त्या काळी ती अपूर्व मानली गेली. प्रॉक्टर १९३१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी गेल्या. त्यानंतर आठ वर्षांनी, सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्ध जाहीर झाले आणि त्याच इमारतीतील विषारी साप मारून टाकण्यात आले.

८/ कारण देण्यात आले ते बॉम्बचे : काचा फुटल्या तर साप शहरात शिरतील. भीती निराधार नव्हती. पण तारखा पाहा. लंडनवरील सलग हवाई हल्ले ७ सप्टेंबर १९४० रोजी सुरू झाले. साप त्याआधी एक वर्ष मेले होते. त्याच पहिल्या आठवड्यात लंडनमधील लोकांनी आपली सुमारे ४ लाख कुत्री-मांजरे मारून घेतली, असे इतिहासकार हिल्डा कीन यांनी दाखवले आहे. तशी सरकारी सक्ती नव्हती. शत्रूचे विमान दिसण्यापूर्वी झालेली ही हत्या आहे.

९/ टोकियोत हाच क्रम अधिक क्रूरपणे दिसतो. १९४३ च्या उन्हाळ्यात गव्हर्नर ओदाची शिगेओ यांच्या आदेशावरून उएनो प्राणिसंग्रहालयातील ‘धोकादायक’ प्राणी मारले गेले. जॉन, टोन्की आणि वानरी या तीन हत्तींना उपाशी ठेवण्यात आले. ४ सप्टेंबर रोजी प्राण्यांच्या आत्म्यांसाठी समारंभपूर्वक प्रार्थना झाली, तेव्हा टोन्की आणि वानरी जिवंत होते. टोकियोवर मोठे हवाई हल्ले सुरू व्हायला तेव्हा वर्षाहून अधिक काळ शिल्लक होता.

१०/ आधी श्राद्ध, मग मरण! याला सुरक्षेचा उपाय म्हणता येत नाही. हा राज्यकर्त्यांनी जनतेला दिलेला धडा होता : लाडक्या हत्तीने प्राण दिले, तुम्हीही तयार राहा. (१९४९ मध्ये पंडित नेहरूंनी टोकियोच्या मुलांसाठी ‘इंदिरा’ हत्तीण पाठवली, ती याच रिकाम्या जागी. आपल्याकडे ती गोड आठवण म्हणून सांगतात, पण जागा रिकामी का होती हे सांगत नाहीत.)

११/ बर्लिनचे मत्स्यालय १९१३ चे. मधोमध काचेच्या छताखाली उष्ण कटिबंधातील जंगलासारखे दालन, खाली मगरी आणि त्यांच्यावरून जाणारा पूल. नोव्हेंबर १९४३ च्या २२ आणि २३ तारखांच्या रात्री शहरावर प्रचंड हल्ले झाले. प्राणिसंग्रहालय उद्ध्वस्त झाले, मत्स्यालयावर थेट आघात झाला. सकाळी मगरींची कलेवरे बाहेर रस्त्यावर पडलेली होती. संचालक लुट्झ हेक यांच्या आठवणींनुसार त्यांच्या शेपटीचे मांस शिजवून खाल्ले गेले.

१२/ सॅटर्न मात्र वाचला. कसा वाचला, पुढची जवळजवळ तीन वर्षे कोठे राहिला, याची नोंद उपलब्ध नाही. १९४६ मध्ये तो ब्रिटिश सैनिकांना सापडला. त्यांनी तो सोव्हिएत संघाच्या हवाली केला आणि जुलैत तो मॉस्कोला पोहोचला. त्या कोऱ्या तीन वर्षांतच ‘हिटलरची मगर’ जन्मली. कागद कोरा असला की त्यावर सर्वांत प्रसिद्ध नाव लिहिण्याचा मोह होतो.

१३/ आता जातीचा मुद्दा. अमेरिकन ॲलिगेटर आपल्या मगरीहून कितीतरी अधिक थंडी सोसतो. पाणी गोठू लागले तर नाकपुड्या बर्फाबाहेर ठेवून निश्चल पडून राहू शकतो. गारठ्यात त्याच्या शरीराचे व्यवहार इतके मंदावतात की महिनोन् महिने अन्नाविना निभते. उष्ण प्रदेशातील मगर बर्लिनच्या त्या हिवाळ्यात उघड्यावर फार काळ तगली नसती. सॅटर्न कोणाचा लाडका होता म्हणून वाचला, असे मानण्याची गरजच पडत नाही.

१४/ युद्धाअंती या संग्रहालयातील ३,७१५ प्राण्यांपैकी ९१ उरले होते. हेक पळून गेले होते. संग्रहालयाची सूत्रे कॅथरिना हाइनरोथ यांच्या हाती आली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या श्रवणशक्तीवर प्रबंध लिहिलेल्या या प्राणिशास्त्रज्ञ. त्यांचे पती ऑस्कर हाइनरोथ यांनी हे मत्स्यालय उभारून चालवले होते; ते ३१ मे १९४५ रोजी वारले. रशियन सैनिकांचे अत्याचार स्वतः सोसलेल्या या बाईंनी उद्ध्वस्त संग्रहालय १९५६ पर्यंत सांभाळले.

१५/ तो काळ कसा होता? संग्रहालयाला लागून असलेल्या टियरगार्टन उद्यानात सुमारे २ लाख झाडे होती. युद्ध आणि सरपणाची टंचाई यांतून ७०० च्या आसपास उरली. मोकळ्या जमिनीत बर्लिनकरांनी बटाटे आणि भाजीपाला लावला. अशा शहरात जनावरांसाठी चारा आणि ऊब मागायला रोज कोणाच्या तरी दारी उभे राहावे लागते. तरीही ‘हिटलरची मगर’ हजारोंना ठाऊक आहे आणि हाइनरोथ बाईंचे नाव या धाग्याच्या किती वाचकांनी आधी ऐकले होते, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

१६/ यावरून बर्लिनचे संग्रहालय निष्पाप होते असे कोणी समजू नये. ही संस्था भागधारकांची. नाझी काळात ज्यू भागधारकांना भाग नाममात्र किमतीत विकायला भाग पाडले गेले आणि पुढे ज्यूंना प्रवेशच बंद झाला. हेक नाझी पक्षाचे सदस्य होते. जर्मनांनी पोलंड व्यापल्यावर वॉर्साच्या संग्रहालयातील निवडक प्राणी त्यांनीच जर्मनीत हलवले. कोणते जीव जपायचे आणि कोणती माणसे दाराबाहेर काढायची, हे दोन्ही निर्णय एकाच कार्यालयात होत होते.

१७/ म्हणून ही थाप मला घातक वाटते. हाइनरोथ यांचे श्रम ती पुसतेच, शिवाय संस्थेचा अपराधही झाकते. सगळे पाप एका माणसाच्या नावावर आणि एका बिचाऱ्या ॲलिगेटरच्या पाठीवर टाकले की संचालक मंडळाची इतिवृत्ते कोणी उघडत नाही. हिटलरने भागपत्रांवर स्वतः सह्या केल्या नव्हत्या. त्या सुशिक्षित, प्राणिप्रेमी, प्रतिष्ठित बर्लिनकरांनी केल्या.

१८/ एक आक्षेप येणार हे ठाऊक आहे : ‘१९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे उपासमारीने मेली आणि तुम्ही मगरींच्या कोळशाचे काय घेऊन बसलात?’ आक्षेप गंभीर आहे. बर्लिनमध्ये उपाशी माणसांनी मगर खाल्ली, याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. माणसाच्या तोंडचा घास काढून सापाला द्यावा, असेही माझे म्हणणे नाही.

१९/ पण लंडनच्या सापांच्या मरणाने कोणाच्या ताटात घास वाढला? टोकियोचे हत्ती मारल्याने ९-१० मार्च १९४५ च्या रात्री होरपळलेल्या सुमारे १ लाख माणसांपैकी कोण वाचले? ‘माणूस की प्राणी’ हा पेच बहुतेक वेळा मागाहून रचलेला असतो. ज्यांनी प्राण्यांचे मरण इतक्या सहजपणे ‘अपरिहार्य’ ठरवले, त्यांनी माणसांच्या मरणालाही तोच शब्द वापरला.

२०/ आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. ऑक्टोबर २०२२ पासून युक्रेनच्या वीजव्यवस्थेवर सातत्याने हल्ले होत आले आहेत. वीज गेली की रुग्णालयाबरोबर उबवणीची पेटीही थंड पडते. जनरेटरचे डिझेल कोणाला, किती, हे तिथे कोणीतरी रोज ठरवते. पन्नास वर्षांनी त्याचा इतिहास लिहिला जाईल. तेव्हाही आपण ‘अमक्या नेत्याची मगर’ शोधत बसणार का?

२१/ म्हणून नवोदित अभ्यासकांना एवढेच सुचवावेसे वाटते. युद्धकाळातील प्राण्याची कथा समोर आली की तीन गोष्टी तपासा. आदेशाची तारीख आणि हल्ल्याची तारीख यांत अंतर किती? इंधन आणि अन्न कोणी दिले? संस्थेच्या वहीत कोणाची नावे खोडली गेली? ही उत्तरे छायाचित्राखालच्या ओळीत मावणार नाहीत; त्यासाठी जमाखर्च आणि इतिवृत्ते वाचावी लागतील.

२२/ सॅटर्नचा देह भुसा भरून मॉस्कोच्या डार्विन संग्रहालयात ठेवला आहे. त्याने ८४ वर्षांत कोणाची बाजू घेतली नाही. त्याला फक्त ऊब हवी होती. ती त्याला देणाऱ्यांचा शोध घेणे हे आपले काम, आणि ते अजून झालेले नाही. मतभेद असतील तर अवश्य मांडा, पुराव्यासह. धागा समाप्त.