घराचे दोष झाकून विकण्याची मुभा कोणाच्या हिताची?

भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, घरातील दागिने आणि वीस वर्षांचे कर्ज यांची बेरीज करून कामगार-कर्मचारी जुने घर विकत घेतो. नव्या रंगाखाली ओल असते, गिलाव्याआड सळ्या गंजलेल्या असतात आणि इमारत धोकादायक असल्याची पालिकेची नोटीस कुणाच्या तरी कपाटात पडलेली असते. विकणाऱ्याला हे ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. बाजारपेठेचे भाट यालाच 'मुक्त व्यवहार' म्हणतात!

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला सर्वसाधारण दक्षता घेऊनही न कळणारा, परंतु विक्रेत्याला ज्ञात असलेला महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तो लपविणे म्हणजे फसवणूक होय. परंतु याच कलमाच्या प्रारंभी 'विरुद्ध करार नसल्यास' ही अट आहे. 'आहे त्या स्थितीत घर पसंत केले' असे वाक्य करारात घालून जबाबदारी झटकण्याची वाट तेथूनच फुटते. शिवाय विक्रेत्याला दोष माहीत होता, हे सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर येतो. त्यासाठी दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालण्याचे बळ कोणत्या पगारदाराकडे आहे?

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने बिल्डरवर काही लगाम घातला. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणलेले बांधकामाचे दोष त्याने विनामूल्य दुरुस्त केले पाहिजेत. पण एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला विकलेले जुने घर या संरक्षणाच्या बाहेरच राहते. आणि मध्यमवर्गीय व श्रमिक यांना परवडते ते बहुधा असेच घर.

दोष केवळ भिंतीत नसतो, कागदपत्रांतही असतो. कोचीजवळील मरडू येथे किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडून उभ्या राहिलेल्या चार गृहसंकुलांच्या बिल्डरांना २००७ सालीच नोटिसा मिळाल्या होत्या. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश दिला आणि जानेवारी २०२० मध्ये ती स्फोटकांनी जमीनदोस्त झाली. फ्लॅटधारकांना प्रत्येकी २५ लाख रुपये अंतरिम भरपाई देण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. नोटिसांची नोंद प्रत्येक विक्रीपत्राला जोडणे सक्तीचे असते, तर किती कुटुंबे या संकटातून वाचली असती!

येथे एक भेद मात्र विसरता कामा नये. जुने घर विकणारा पुष्कळदा स्वतःच निवृत्त कामगार असतो. खरे सांगितले तर किंमत कोसळेल आणि नवे घर मिळणार नाही, या भीतीने तो गप्प बसतो. त्याला बिल्डरच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे ठरेल. म्हणून इमारतीच्या तपासणीचा खर्च त्याच्या माथी न मारता, नोंदणीच्या वेळी मुद्रांक शुल्क वसूल करणाऱ्या शासनानेच तो उचलला पाहिजे.

मागण्या स्पष्ट आहेत. घराच्या स्थितीचे लेखी निवेदन विक्रीपत्राचा अनिवार्य भाग व्हावे. कलम ५५ मधील बंधन करारान्वये रद्द करता येऊ नये. धोकादायक व बेकायदा इमारतींच्या नोटिसा नोंदणी कार्यालयात कोणालाही विनामूल्य पाहता याव्यात. गृहनिर्माण संस्था, भाडेकरू संघ आणि कामगार संघटना यांनी हा प्रश्न एकजुटीने हाती घेतला पाहिजे. निवारा हा श्रमिकाचा हक्क आहे. तो अज्ञानाच्या जुगारावर सोडता येणार नाही.