चौकातील सावली आणि दोरावरचा हात

वैशाखातील भर दुपारी नगराचा चौक ओस पडतो, असे म्हणण्याची प्रथा आहे. ती खोटी आहे. भाजीवाली, हमाल आणि मजुरीची वाट पाहणारा गडी तेथेच असतात. ज्यांना घर आहे व घरी जाण्याची मुभा आहे, तेवढेच निघून जातात. म्हणून चौकावर छाया धरणे ही शोभेची बाब नसून नगरपालिकेचे कर्तव्य होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण छाया कोणती? पत्र्याचे कायम छप्पर हे आळशी उत्तर झाले. तापलेला पत्रा खालच्या माणसावरच उष्णता ओततो आणि रात्री फरशीतील धग आकाशाकडे जाऊ देत नाही. खरा उपाय म्हणजे दिवसा पसरणारे व रात्री मिटणारे कापड. मदिनेच्या मशिदीत १९९२ साली आतल्या दोन अंगणांत अशा १२ यांत्रिक छत्र्या उभ्या राहिल्या. पुढे बाहेरील प्रांगणात २५० उभारल्या गेल्या. उन्हाळ्यात त्या दिवसा उघडतात, रात्री मिटतात.

मदिनेएवढा पैसा आमच्याकडे कोठे, असा प्रश्न येईल. पैशाचा प्रश्न दुय्यम आहे. स्पेनमधील सेव्हिल शहर दर उन्हाळ्यात बाजाररस्त्यांवर साधी कापडेच ताणते. आणि आमची बाजारकरीण? दोन काठ्या व चार दोर यांवर ती पाल उभारते आणि ऊन कलले की पालही कलते करते. तिला जे जमते ते नगरपालिकेस का जमू नये?

अडचण आहे ती वाऱ्याची. ढिले कापड फडफडून फाटते, म्हणून ते चहूबाजूंनी ताणलेले हवे. आणि वळीव सुटण्यापूर्वी ते झटकन मिटता आले पाहिजे. गावातल्या लोहाराला दुरुस्त करता येईल अशी हातचरखी त्यासाठी पुरेशी आहे. मात्र ती फिरवणारा माणूस हवा. इ. स. ८० मध्ये खुल्या झालेल्या रोमच्या कलोसियमवरील कापडी छत हाताळण्यास आरमारातील खलाशी नेमलेले असत, हे ध्यानात घ्यावे.

उद्घाटनाची फीत कापणारे हात पुष्कळ मिळतील. वळवाच्या वेळी दोर सोडणारा एक हात अंदाजपत्रकात पगारावर दाखवा. मगच कापडाची निविदा काढा, एवढेच आमचे नगरपित्यांना सांगणे आहे.