कॉम्प्युटरला झोपू द्यावे का?

सांगलीहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. घरात एकच डेस्कटॉप. मुलगी बारावीला आहे, तिच्या सीईटीच्या नोट्स त्यावर. मुलगा फावल्या वेळेत लग्नपत्रिका आणि बॅनरची डिझाइन करतो. रात्री अब्बा यूट्यूबवर बयान ऐकतात. कॉम्प्युटर मध्येच झोपतो अशी मुलाची तक्रार होती, म्हणून दुरुस्तीवाल्याने पॉवर सेव्हिंगचे जे जे होते ते सगळे बंद करून दिले. तेव्हापासून स्क्रीन दिवसरात्र उजळलेली असते आणि बिल वाढले आहे. अब्बा म्हणतात, रात्री भिंतीवरचे बटणच बंद करा. मुलगा म्हणतो, तसे केले तर कॉम्प्युटर बिघडेल. ऐकायचे कोणाचे?

आमचे उत्तर असे, की बिलाबद्दल अब्बांचे बरोबर आहे आणि बटणाबद्दल मुलाचे. चालू कॉम्प्युटरचे बटण भिंतीवरून बंद करू नये, त्याने उघडी फाइल जाते आणि कधी कधी विंडोजही बिघडते. पण सगळी पॉवर सेव्हिंग कायमची बंद ठेवणे हाही त्यावरचा उपाय नाही.

आधी हा सल्ला येतो कुठून ते पाहू. वीज वाचवण्याची पहिली सर्वमान्य पद्धत इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये आणली. 1996 मध्ये तोशिबाही त्यांच्यासोबत आली आणि नवी पद्धत ठरली. पण सुरुवातीची काही वर्षे मदरबोर्ड एक सांगायचा आणि विंडोज दुसरेच करायचे. झोपलेला कॉम्प्युटर पुष्कळदा उठतच नसे. त्या काळात हाताला वळण लागलेले कारागीर आजही पहिल्यांदा हेच बंद करतात. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक यंत्रांना त्याची गरज उरलेली नाही.

आता हिशोब. डेस्कटॉपचा डबा नुसता चालू असला, त्यावर काम होत नसले, तरी साधारण 60 वॅट घेतो. मॉनिटर 20 वॅट धरा. दोन्ही मिळून 80 वॅट. असा तो रोज दहा तास रिकामा चालला तर दिवसाला 0.8 युनिट आणि महिन्याला 24 युनिट जातात. तोच कॉम्प्युटर झोपलेला असेल तर तीन-चार वॅटवर राहतो, म्हणजे महिन्याला जेमतेम एक युनिट. लॅपटॉपचे गणित बरेच लहान आहे. तो रिकामा असताना दहा वॅटच्या आसपासच घेतो.

24 युनिट थोडे वाटतील, पण महावितरणच्या बिलाच्या मागे पाहा. घरगुती वापराला 1 ते 100 युनिटचा एक दर आहे, 101 ते 300 चा त्याहून बराच जास्त. ज्या घरात महिन्याला 90 युनिट लागतात, तिथे हे 24 मिळवले की शेवटचे 14 युनिट वरच्या दराने लागतात. शिवाय ज्या विजेने कोणाचे काम झाले नाही ती गेली इसराफात, मग बिल कोणीही भरो.

असे असूनही नुसते 'स्लीप चालू ठेवा' असे सांगून आम्हाला थांबता येत नाही, कारण आपल्याकडे लाईट जाते. स्लीपमध्ये उघड्या फाइली मेमरीत राहतात आणि मेमरीला सतत थोडी वीज लागते. लॅपटॉपला बॅटरी असते, तो निभावून नेतो. डेस्कटॉप झोपलेला असताना लाईट गेली, तर मुलीने सेव्ह न केलेल्या नोट्स गेल्याच समजा. पुष्कळ घरांत लोकांना स्लीप नकोसा होतो तो अशाच अनुभवामुळे.

यावर उपाय हायबरनेटचा. यात उघडे असलेले सगळे काम डिस्कवर लिहिले जाते आणि यंत्र पूर्ण बंद होते. लाईट गेली तरी काही जात नाही. पुन्हा चालू केले की काम होते तिथूनच सुरू. डिस्कवर काही जीबी जागा लागते आणि उठायला स्लीपपेक्षा थोडा जास्त वेळ, इतकेच. पुष्कळ डेस्कटॉपवर 'हायब्रिड स्लीप' नावाची सोयही असते. तिच्यात काम मेमरीत आणि डिस्कवर दोन्हीकडे राहते. लाईट टिकली तर यंत्र पटकन उठते, गेली तरी काम वाचते. सांगली-मिरजेच्या घरातल्या डेस्कटॉपला हेच सर्वांत योग्य, असे आमचे मत आहे.

पुराच्या दिवसांत तर याचे मोल जास्त. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तिथे 45 फूट आहे. अशा वेळी सुरक्षेसाठी वीज तोडावीच लागते आणि सामान घाईने माळ्यावर किंवा नातेवाइकांकडे हलवावे लागते. हायबरनेट केलेल्या यंत्राची वायर काढून ते उचलले तरी चालते. झोपलेल्या यंत्राची वायर काढली की त्यातले काम गेले. पावसाळ्यात एवढा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी त्याची मागची बाजू पाहावी. पुष्कळ इन्व्हर्टरांना 'यूपीएस' आणि 'इको' असे बटण असते. इकोवर ठेवले तर लाईट जाताच पंखा चालू राहतो, पण कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊ शकतो. ते यूपीएसवर ठेवावे.

मग बंद करण्यासारखे काहीच नाही का? आहे. यूएसबीचा माऊस, प्रिंटर किंवा नेटचा डोंगल मधूनच तुटत असेल, तर 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करावे. वायफाय सारखे जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटची खूण काढून पाहावी. मुलाला रात्रभर मोठी फाइल डाउनलोड करायची असेल, तर त्या रात्रीपुरते स्लीप 'नेव्हर' करावे आणि सकाळी पुन्हा पूर्ववत. त्या वेळीही स्क्रीन मात्र बंद राहू द्यावी. स्क्रीन विझली म्हणून डाउनलोड थांबत नाही.

'हाय परफॉर्मन्स' निवडले की कॉम्प्युटर पळू लागतो, हाही एक समज आहे. काम आले की प्रोसेसर आपोआप वेग वाढवतो. पत्रिकेची फाइल उघडायला वेळ लागत असेल, तर बहुधा मेमरी कमी आहे किंवा हार्ड डिस्क जुनी झाली आहे. तिच्या जागी एसएसडी बसवली तर फरक लगेच जाणवेल.

अब्बांचे बयान चालू असताना कॉम्प्युटर सहसा झोपत नाही, कारण व्हिडिओ चालू असल्याचे विंडोजला कळते. अडचण वेगळीच असते. त्यांचा डोळा लागला तरी यूट्यूब एकामागून एक व्हिडिओ लावत राहते आणि यंत्र पहाटेपर्यंत जागे राहते. तिथले ऑटोप्ले बंद करून द्यावे. ज्या घरांत कॉम्प्युटरवर अजानचा प्रोग्राम लावलेला आहे, त्यांनी ध्यानात ठेवावे की झोपलेल्या कॉम्प्युटरमधून फजरची अजान बहुधा ऐकू येणार नाही. केवळ त्यासाठी रात्रभर डेस्कटॉप जागा ठेवण्यापेक्षा ते काम फोनला द्यावे. रमजानमध्ये सहरीच्या गजराचेही तसेच.

आता कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन पॉवर ऑप्शन्स उघडा. 'बॅलन्स्ड' प्लॅन निवडा. स्क्रीन दहा मिनिटांनी बंद, स्लीप तीस मिनिटांनी. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये हायब्रिड स्लीप दिसले तर चालू करा. दिसले नाही तर तिथेच 'हायबरनेट आफ्टर'ला साठ मिनिटे द्या, आणि मधल्या वेळात लाईट जाऊ शकते म्हणून उठण्याआधी फाइल सेव्ह करण्याची सवय मुलांना लावा. शटडाउनच्या यादीत हायबरनेट नसेल, तर 'पॉवर बटण काय करील' या पानावर त्याची खूण करता येते.

रात्री सगळ्यांचे काम संपले की शेवटी उठणाऱ्याने हायबरनेट किंवा शटडाउन करावे आणि डब्यावरचा दिवा विझू द्यावा. त्यानंतर अब्बांनी भिंतीवरचे बटण खुशाल बंद करावे.